लांजेवार साहेबांचे गुप्तदान

माणूस हा मुळात परोपकारी प्राणी आहे. अडचण एवढीच, की त्याला विचारले तर तो नाही म्हणतो. सबब, त्याला न विचारण्याची एक पद्धत अलीकडच्या काळात विकसित करण्यात आली असून तिचे निकाल उत्साहवर्धक आहेत. विचारून झालेला परोपकार आणि न विचारता झालेला परोपकार यांची तुलना केली, तर दुसरा कितीतरी पटींनी जास्त भरतो.

या पद्धतीचा लाभ नागपुरात हिंगणा रोडच्या आतल्या एका लेआउटात, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतीत, राहणारे श्री. रुपराव लांजेवार यांना कसा झाला, त्याची ही हकिकत.

रुपराव एका सरकारी खात्यात भांडारपाल होते. भांडारपालाचे काम वस्तू देणे हे असते, असा सर्वसामान्य लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. वस्तू द्यायला कोणीही चालतो, त्यासाठी सरकारला पगारी माणूस लागत नाही. भांडारपालाचे खरे काम वस्तू न देणे हे होय, आणि या कामात रुपरावांचा हात धरणारा माणूस विभागात नव्हता. त्यांच्या कारकिर्दीत नवा झाडू हवा असेल तर जुना आणून दाखवावा लागे. जुना झाडू झाडू म्हणून ओळखू येत असेल, तर तो अजून चालेल असा शेरा मिळे. (ओळखू येत नसेल, तर हा झाडूच आहे कशावरून, असा.) निरोप समारंभात साहेब म्हणाले, की लांजेवारांनी भांडार जसे ताब्यात घेतले तसेच परत केले. हे अक्षरशः खरे होते. काही खोकी तर उघडलीच गेली नव्हती.

घरी बसल्यावरही त्यांनी या कौशल्याला गंज चढू दिला नाही. लेआउटातल्या कोणी पेपर मागितला, ड्रिल मशीन मागितले, दुचाकीत हवा भरायचा पंप मागितला, तर रुपराव आधी कारण विचारत, मग पर्याय सुचवत, आणि मग जेवणाची वेळ होई. शेजारी गोविंदा भोयर यांनी एका मार्चमध्ये कूलर बसवायला शिडी मागितली होती. रुपरावांनी त्यांचे वजन विचारले. भोयरांनी रागाने टेबलावर खुर्ची ठेवून काम उरकले. भोयर पडले नाहीत, कूलर पडला. तोवर दोघे एकमेकांना 'काहून गा' म्हणून हाक मारत. त्यानंतर ते एकमेकांना 'साहेब' म्हणू लागले. नागपुरात याला भांडण म्हणतात.

रुपरावांच्या पत्नी वच्छलाबाई शिवणकाम शिकवीत. मुलगी हर्षा पुण्याला नोकरीला होती. तिने आईसाठी घरी चांगल्या वेगाचे इंटरनेट लावून दिले, म्हणजे आईला खापरखेड्याच्या, मौद्याच्या, कुठकुठल्या बायकांना फोनवरून ब्लाऊजची कटिंग शिकवता यावी. इंटरनेट मुलीचे, क्लास बायकोचा. म्हणून पासवर्ड अर्थातच रुपरावांच्या ताब्यात होता. तो रुपराव स्वतःच फोनमध्ये टाकून देत, आणि टाकताना पाठ फिरवत.

"माह्या फोनवर टाकता अन् मलेच दाखवत नाही," वच्छलाबाई म्हणत.

"तुले दाखवलं तर तू सांगशील."

"कोनाले सांगन?"

"विचारलं त्याले," रुपराव म्हणत. त्यांच्या मते माणसातला हा सर्वांत मोठा दोष होता.

अशा या घरात 'सर्वदर्शन' नावाचे ॲप आले. ते टीव्हीला जोडलेल्या डबीत बसे आणि त्यावर सिनेमे, मालिका व पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटके बघता येत. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही. रुपरावांनी जाहिरातीतला 'विनामूल्य' हा शब्द वाचला आणि पुढचे वाचण्याची गरज त्यांना भासली नाही. तरीही ॲपने आपले कर्तव्य म्हणून अटी व शर्ती दाखवल्या. त्या खाली खाली सरकत गेल्या आणि शेवटी दोन बटणे आली. एक मोठे आणि हिरवे होते, त्यावर 'सहमत आहे' असे लिहिले होते. दुसरे लहान आणि राखाडी होते, त्यावर 'नंतर सहमत होईन' असे लिहिले होते. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य असावे, याबद्दल कंपनी आग्रही होती.

ज्या माणसाने सही अर्धा इंच सरकली म्हणून मागणीपत्रे परत पाठवली, त्याच माणसाच्या अंगठ्याने ते हिरवे बटण दाबले. नाटक सुरू होणार होते.

अटींमध्ये एक वाक्य असे होते: 'सेवेच्या अखंडतेसाठी वापरकर्त्याच्या उपकरणातील अतिरिक्त क्षमतेचा सहयोगी तत्त्वावर विनियोग करण्यात येऊ शकेल.' या वाक्यात 'तुमचे', 'इंटरनेट' आणि 'आम्ही वापरू' यांपैकी काहीही नाही, तरी अर्थ तोच आहे. मराठी गद्य इतके समर्थ झाल्याचे श्रेय अशा कंपन्यांना दिलेच पाहिजे.

प्रत्यक्षात काय होई ते सोपे आहे. लाखो लोकांच्या घरी नाटक पोचवायचे तर कंपनीला मोठमोठी यंत्रे लावावी लागतात आणि ती चालवायला खर्च येतो. कंपनीने विचार केला, की प्रेक्षकाच्या घरी इंटरनेट आहेच. तो नाटक बघतो तेव्हा त्याच्या डबीत नाटकाचे तुकडे साठतात. मग तेच तुकडे त्याच्याच इंटरनेटवरून शेजारच्या प्रेक्षकाला, तिथून पुढच्याला, असे दिले तर काय हरकत आहे. हरकत कोणाचीच नव्हती, कारण कोणाला माहीत नव्हते. गुप्तदानात घेणाऱ्याला देणारा कळत नाही. इथे देणाऱ्यालाही कळत नसल्याने हे त्या प्रथेचे सुधारित रूप मानता येईल.

लेआउटात सर्वांत वेगाचे इंटरनेट हर्षाने लावलेले. त्यामुळे सर्वांत जास्त वाटप रुपरावांच्या डबीतून होऊ लागले. टीव्ही बंद केला तरी डबी जागी असे, नवे तुकडे स्वतःच मागवून घेई आणि चटका बसेल इतकी तापून निष्ठेने देत राही. ज्या घरातून कोणाला खिळा मिळाला नव्हता, त्या घरातून अर्धा हिंगणा रोड नाटके बघत होता.

याचा पहिला फटका मौदा तालुक्याला बसला.

वच्छलाबाई क्लासमध्ये मागच्या गळ्याची कटिंग दाखवत होत्या. कात्री खाली चालली असताना फोनवरचे चित्र थांबले. आवाज मात्र अडकत अडकत येत राहिला: "असंच पुढं... असंच पुढं... असंच..." मौद्याची काजल ही क्लासमधली सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थिनी. तिने असंच पुढं कापले. कापड तिच्या सासूबाईंचे होते आणि लग्न दोन दिवसांवर आलेले. सासूबाईंना लग्नात भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागले, आणि ज्या अक्षता समोरून टाकता आल्या तेवढ्याच त्यांनी टाकल्या. काजलने क्लास सोडला नाही, पण तिच्यासोबतच्या बायका एकेक करून कमी होऊ लागल्या.

वच्छलाबाईंना हे लागले. संसारात त्यांनी जे जे केले ते आधी रुपरावांना विचारून, आणि बहुतेक वेळा विचारल्यामुळेच राहून गेलेले. हा क्लास तेवढा त्यांनी न विचारता सुरू केला होता.

"माह्या शिकवण्यातच काही चुकून राहिलं का?" एकदा त्यांनी विचारले.

रुपरावांनी त्यांच्याकडे पाहिले. बायकोचा चेहरा त्यांना सहसा वाचता येत नसे, पण त्या दिवशी तो मोठ्या अक्षरात होता.

"तुह्यात काही चूक नाही," ते म्हणाले. "आपल्या घरातून माल जाऊन राहिला."

निदान बरोबर होते. चोर तेवढा शोधायचा होता. रुपरावांनी पद्धतशीर चौकशी केली. संध्याकाळी नाटक बघताना त्यांच्या लक्षात आले, की त्यांच्या टीव्हीवर विनोद झाला की थोड्या वेळाने भोयरांच्या घरातून हशा येतो. आधी विनोद आपल्याकडे, मग हशा तिकडे. म्हणजे विनोद आपल्याकडून तिकडे जातो. (तांत्रिक दृष्ट्या हे तंतोतंत खरे होते. पुढे ज्यांनी रुपरावांच्या तर्काची थट्टा केली, त्यांनी हे लक्षात घ्यावे.)

त्यांनी पासवर्ड बदलला. हशा आला. पासवर्डात पणजोबांचे नाव घातले. हशा आला. राउटर उचलून तांदळाच्या कोठीत ठेवला आणि झाकण लावले. क्लास पूर्ण बंद पडला आणि वच्छलाबाईंनी तो कोठीतून काढून जागेवर ठेवला. त्या दिवशी भात झाला नाही.

शेवटी रुपराव कम्पाउंडच्या भिंतीशी गेले. पलीकडे भोयर कुंड्यांना पाणी घालत होते.

"भोयर साहेब, तुम्ही आमचं इंटरनेट घेऊन राहिले."

भोयरांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. "कमाल आहे, लांजेवार साहेब. मी आठवड्यापासून हेच तुमाले सांगाले येऊन राहिलो होतो. आमची प्रेमिला नातवासंग फोनवर बोलते तर त्याचं तोंड उघडंच राहते, मिटतच नाही. तुम्ही आमचं घेऊन राहिले."

"मी कोनाचं घेत नाही."

"देत नाही हे माहीत होतं," भोयर म्हणाले. "घेत नाही हे आज समजलं."

प्रकरण लेआउटच्या बैठकीत गेले. हनुमान मंदिरामागच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या गेल्या. प्रत्येकाने आपापली तक्रार मांडली आणि असे निष्पन्न झाले, की प्रत्येक घराचा संशय डाव्या हाताच्या घरावर आहे. लेआउट गोल असल्यामुळे संशय फिरून जिथून निघाला तिथेच आला. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी, की लेआउटातील शेकडा शंभर घरांत चोरी झाली असून शेकडा शून्य घरांत चोर आहेत. 'यावर सखोल विचार व्हावा' असा ठराव मंजूर होऊन चहा झाला. चहाच्या वेळी सगळे 'सर्वदर्शन'वर रविवारी येणाऱ्या नव्या झाडीपट्टी नाटकाबद्दल बोलत होते. चोरीच्या काळात तेवढे एक ॲप न अडकता चालते, याबद्दल सर्वांनी समाधान व्यक्त केले.

त्याच रविवारी दुपारी वच्छलाबाईंची परीक्षा होती. मौदा तालुक्यातल्या बचत गटांच्या बायकांना शिवण शिकवायला एक शिक्षिका नेमायची होती, आणि ते काम बघणाऱ्या दीपमालाताई फोनवरून प्रत्येकीचा क्लास स्वतः बघून निवड करणार होत्या. वच्छलाबाईंचे नाव काजलने सुचवले होते. (ज्या अर्थी मी त्यांच्या शब्दावर सासूचा ब्लाऊज कापला, त्या अर्थी त्या शिकवतात चांगल्या, असा तिचा युक्तिवाद होता.)

वच्छलाबाईंनी स्टीलचे डबे एकावर एक रचून त्यावर फोन उभा केला. इस्त्री केलेले कापड पसरले. कात्री पुसली. मग त्या रुपरावांना म्हणाल्या, "आज टीव्ही लावू नका."

"नवीन नाटक आहे."

"मले माहीत आहे काय आहे ते."

रुपरावांनी टीव्ही बंद केला. नवे नाटक सोडणे ही त्यांची त्या महिन्यातली सर्वांत मोठी देणगी होती, असे त्यांना वाटले. त्यांना आकडे माहीत नव्हते.

दीपमालाताई फोनवर आल्या. नमस्कार झाला. वच्छलाबाईंनी माप सांगितले, खडूने रेघ ओढली, कात्री घेतली, आणि दीपमालाताईंचा चेहरा पडद्यावर थिजला. "ताई, दिसत नाही आहे... दिसत नाही..." असा आवाज तुटत आला. लेआउटभर नाटक नुकतेच सुरू झाले होते.

वच्छलाबाईंनी कात्री खाली ठेवली. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, शिवणाऱ्या बाईची नजर, टाका कुठे उसवला ते शोधणारी. टीव्ही बंद होता. त्याखालच्या डबीचा निळा दिवा मात्र वेड्यासारखा उघडझाप करत होता.

"ते काहून लागून आहे?"

"ते तसंच राहते," रुपराव म्हणाले.

"टीव्ही बंद, तर ते कोनासाठी चालून राहिलं? लावा बरं."

रुपरावांनी टीव्ही लावला. पडद्यावर झेंडूच्या माळा आल्या, समई आली, आणि सनईचा आवाज आला. 'सर्वदर्शन'चा वर्धापनदिन होता. खाली मजकूर होता, तो रुपरावांनी सवयीने मोठ्याने वाचला:

"अभिनंदन. सरत्या वर्षात आपल्या घराने आपल्या परिसरातील सर्वाधिक घरांपर्यंत आमची नाटके पोचवली. आपल्या उदार सहकार्याबद्दल कंपनी आपणांस 'हिरा दाता' ही पदवी देत आहे. आपण झोपेत असतानाही देत होता. असेच देत राहा."

सनई वाजत राहिली.

"म्हणजे तुम्ही देऊन राहिले होते," वच्छलाबाई म्हणाल्या. लग्नापासून आजवर नवऱ्याबद्दल हे वाक्य बोलायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती, त्यामुळे त्या किंचित अडखळल्या. मग त्या उठल्या आणि त्यांनी डबीची पिन भिंतीतून उपटली.

फोनवर दीपमालाताईंचा चेहरा हलला. "हं, आता स्पष्ट दिसतंय. बोला ताई." वच्छलाबाईंनी कात्री उचलली.

रुपराव खुर्चीत बसून राहिले. आपले गेले याचे त्यांना वाईट वाटले, पण ते सहन होण्यासारखे होते. आपल्याला नाही म्हणायची संधीच मिळाली नाही, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागले. अख्ख्या लेआउटाने मागितले असते आणि त्यांनी अख्ख्या लेआउटाला नाही म्हटले असते, एवढी मोठी संधी. आयुष्यात एकदा येते.

तेवढ्यात फाटक वाजले. बाहेर भोयर होते. त्यांच्यामागे प्रेमिलाबाई, त्यांच्यामागे समोरच्या घरचे, कोपऱ्यावरच्या घरचे, आणि अजून काही लोक एकेक करून येत होते. नाटकात नायिकेच्या हाती विषाचा पेला आला होता आणि त्याच क्षणी सगळ्यांच्या घरचे नाटक एकदम थांबले होते. कोणी कशावरून काही ताडले नव्हते. थांबलेल्या पडद्यावर कंपनीने प्रामाणिकपणे लिहिले होते, 'आपला हिरा दाता लांजेवार यांचा संपर्क तुटला आहे. कृपया त्यांना विनंती करा.'

"लांजेवार साहेब," भोयर म्हणाले. "म्हणजे ते... आजवर आमी पाहिलं ते सारं तुमच्याकडून होतं?"

"असं म्हणतात," रुपराव म्हणाले.

"अन् मी तुमाले चोर म्हटलं."

"मीही तुमाले म्हटलं."

"तिनं ते इख पेलं का नाही ते तरी समजू द्या," मागून प्रेमिलाबाई म्हणाल्या.

फाटकाच्या आत रुपराव, बाहेर मागणारे लोक. हे दृश्य रुपरावांच्या ओळखीचे होते. जिभेवर सवयीचे उत्तर तयार होते. कारण विचारावे, पर्याय सुचवावा. पण समोर लेआउटातले लोक होते आणि त्यांच्या तोंडावर आदर होता. भांडारात इतक्या वर्षांत रुपरावांना सलाम मिळाले, बिस्किटे मिळाली, शिव्या तर वाट्टेल तेवढ्या मिळाल्या. आदर ही वस्तू त्यांच्याकडे कधी जमाच झाली नव्हती. त्यांना ती उघडून बघावीशी वाटली.

"घरात बायकोचं काम चालू आहे," ते म्हणाले. "ते होऊ द्या. मग देतो."

आत वच्छलाबाईंची कात्री क्षणभर थांबली. दीपमालाताईंना वाटले चित्र पुन्हा अडकले. अडकले नव्हते. वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या तोंडून 'देतो' हा शब्द पहिल्यांदा ऐकला होता. मग कात्री पुढे गेली आणि गळा असा गोल उतरला, की दीपमालाताईंनी तो पुन्हा एकदा फिरवून दाखवायला सांगितला. निवड त्याच दुपारी झाली. बाहेर फाटकाशी जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्या वच्छलाबाईंसाठी आणि अर्ध्या, पिन आता परत लागेल म्हणून.

पुढे रुपरावांनी कंपनीला सविस्तर पत्र पाठवले. विचारल्याशिवाय माल उचलणे ही कोणती पद्धत, असा त्यांचा सवाल होता. कंपनीने नम्रपणे कळवले, की आपली संमती आमच्याकडे सुरक्षित आहे. आपण ती विसरलात तरी आम्ही विसरणार नाही. पत्राशेवटी दोन बटणे होती: 'समाधान झाले' आणि 'नंतर होईल'.

वच्छलाबाईंनी एवढेच केले, की पासवर्ड आणि डबीची पिन स्वतःच्या ताब्यात घेतली. क्लासच्या वेळी पिन निघते, क्लास सुटला की लागते. रुपराव आता पासवर्ड मागतात, आणि त्या आधी कारण विचारतात. भिंतीपलीकडून भोयर संध्याकाळी हाक मारतात, "काहून गा रुपराव, आज देऊन राहिला का नाही?" आणि रुपराव खुर्चीत जरा सरसावून म्हणतात, "देऊन राहिलो ना गा." हशा पूर्वीसारखाच थोड्या वेळाने येतो. आता ते त्याची वाट बघतात.

त्यांच्या या अनुभवाचा लाभ समाजाला व्हावा म्हणून एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने त्यांचे व्याख्यान ठेवले. विषय होता 'वाचून मगच दाबा'. श्रोते निवडक होते: निवृत्त प्राध्यापक, बँकेचे अधिकारी, दोन वकील, पुस्तके विकत घेऊन वाचणारे लोक. रुपरावांनी सगळे जसे घडले तसे सांगितले, आणि सभागृह मनमुराद हसले. एवढा व्यवहारी माणूस आणि न वाचता बटण दाबतो, याची प्रत्येकाला गंमत वाटली. वकिलांना तर जरा जास्तच.

हसता हसता बऱ्याच जणांनी खिशातला फोन काढून दुसऱ्या खिशात ठेवला, कारण तो चटका बसेल इतका तापला होता. तसा तो हल्ली रोजच तापतो. उन्हामुळे असेल, असे ते एकमेकांना म्हणाले. नागपूरचे ऊन प्रसिद्धच आहे.

तो डिसेंबर होता आणि सगळ्यांनी स्वेटर घातले होते.

तुम्हालाही इथवर येता येता रुपरावांचे हसू आले असेल, ते रास्तच आहे. तुम्ही सगळे वाचूनच बटण दाबता. बाकी, तुमच्याकडे हवा कशी आहे?